लीलाबाईंना घेऊन या

जितेंद्र चुरीला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्याच्या टेबलावरून चुकीचा कागद आजवर पुढे गेला नव्हता. एका विमा कंपनीच्या पडताळणी विभागात त्याला एकोणीस वर्षं झाली होती. माणूस गेला की घरची मंडळी कागद पाठवत, जितेंद्र ते वाचे आणि बहुतेक वेळा परत पाठवी. पॉलिसीवर 'गोविंद' आणि आधार कार्डावर 'गोविंदराव' असेल तर त्याच्या दृष्टीनं ही दोन माणसं होती. त्यातला एक मेला म्हणून दुसऱ्याच्या बायकोनं रडत यायचं कारण त्याला समजत नसे. 'नाव जुळत नाही. योग्य कागदपत्रांसह पुन्हा सादर करावे,' हा शेरा इतक्या वेळा द्यावा लागे की संगणकावर त्यानं त्यासाठी सातव्या क्रमांकाचं एक बटणच ठरवून ठेवलं होतं. बोट टेकवलं की शेरा उमटे.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत, दुसऱ्या मजल्यावर तो राहत असे. बायको विनिता शाळेत शिक्षिका, सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायची. मुलगा पुण्याला शिकत होता. आई, जयवंती, आगाशीला वाडीतल्या घरी. वडील दिनानाथ गुरुजी सहा महिन्यांपूर्वी गेले आणि त्यांचं निवृत्तिवेतन त्यांच्याबरोबर थांबलं. आता कुटुंबनिवृत्तिवेतन आईच्या नावानं सुरू करायचं होतं. आईनं दोनदा आठवण केली, तेव्हा जितेंद्र म्हणाला होता, "आई, कागदांचं काम माझ्यावर सोड. माझा जन्म त्यात गेलाय." त्याला पाच महिने झाले होते.

शेवटी सोमवारी सकाळी जयवंतीबाई स्वतःच रिक्षातून उतरल्या. एका हातात केळ्यांच्या दोन फण्या, दुसऱ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि त्या पिशवीत कागद. त्या आल्या तेव्हा बाथरूममध्ये शत्रुघ्न प्लंबर छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीवर तुटून पडला होता.

झालं होतं असं, की रविवारी बाथरूमच्या छताला ओल दिसली आणि सोमवारी पहाटे छतातून नीट, एकापाठोपाठ एक, थेंब पडू लागले. विनिता छत्री घेऊन आंघोळीला गेली आणि छत्री उघडीच ठेवून शाळेला गेली. जितेंद्रनं शत्रुघ्नला फोन लावला. शत्रुघ्न आला, छताकडे एकदा बघितलं, मग भिंतीला कान लावला.

"पाइप गेलाय साहेब. भिंतीतला."

"पण गळतंय छतातून."

"पाणी कुठून पण निघतं. त्याला काय, रस्ता पाहिजे."

हे वाक्य जितेंद्रला अनुभवी माणसाचं वाटलं. त्यानं होकार दिला आणि दुपारपर्यंत गिझरखालच्या सहा टाइल्स जमिनीवर आल्या. भिंतीतला पाइप कोरडा ठणठणीत निघाला. "आतून असेल," असं म्हणून शत्रुघ्न जेवायला गेला.

त्याच दिवशी ऑफिसातून क्षितिजामॅडमची मेल आली. क्षितिजा त्याची वरिष्ठ, वयानं त्याच्याहून अठरा वर्षं लहान आणि बोलायला इतकी गोड की तिनं काय काम लावलंय हे फोन ठेवल्यावर कळायचं. घरी गळती आहे आणि आई आली आहे, म्हणून आठवडाभर घरून काम करू का, असं त्यानं विचारलं होतं. तिनं लिहिलं होतं, 'नक्कीच सर, फॅमिली फर्स्ट. फक्त शुक्रवारपर्यंत आपल्याकडच्या दोनशे बारा फाइली झीरो करायच्या आहेत.' शेवटी एक हसरा चेहरा होता. जितेंद्रनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि दुपारभरात तीस फाइली परत पाठवल्या.

मंगळवारी छत कोरडं होतं. शत्रुघ्ननं फोनवर सांगितलं, "बघा, बोललो होतो ना." काय बोलला होता ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण जितेंद्रनं आभार मानले आणि आईची पिशवी उचलून तो पेन्शनच्या कार्यालयात गेला. आई म्हणाली, "मी येऊ का?" तो म्हणाला, "तुझी गरज नाही."

कार्यालयात खिडकीपलीकडे बेलामॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीत अडकवलेला, आणि कागद हाताळायची पद्धत अशी की जितेंद्र बघतच राहिला. प्रत्येक कागद त्या आधी उलटा करून मागची बाजू पाहत, मग सुलटा करून पेन्सिलीनं बारीक खूण करत. ही बाई आपल्या विभागात हवी होती, असं त्याच्या मनात आलं. बेलामॅडमनी गुरुजींची जुनी फाइल काढली, एका पानावर पेन्सिल थांबवली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"नाव जुळत नाही," त्या म्हणाल्या.

जितेंद्रच्या कानाला ते वाक्य ओळखीचं होतं, पण त्या दिशेनं येताना त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं.

"कुठलं नाव?"

"आमच्या रेकॉर्डला गुरुजींच्या पत्नी आहेत श्रीमती लीला दिनानाथ चुरी. सेवापुस्तकात लीला, निवृत्तीच्या कागदात लीला. तुम्ही आणलेत जयवंतीबाईंचे कागद. ह्या कोण?"

"माझी आई."

"तुमची आई असतील," बेलामॅडम शांतपणे म्हणाल्या. "गुरुजींच्या पत्नी आहेत का, एवढाच प्रश्न आहे."

फाइलीत गुरुजींचा आणि आईचा जोडफोटो चिकटवलेला होता. जितेंद्रनं त्यावर बोट ठेवलं. "हीच बघा."

"फोटोला नाव नसतं. लीलाबाई हयात आहेत का?"

"मला... मला माहीत नाही."

"मग आधी ते बघा. हयात असतील तर त्यांना घेऊन या. नसतील तर त्यांचा मृत्यूचा दाखला आणा." आणि पुढचा माणूस ऐकेल म्हणून आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "असतात हो अशा गोष्टी. आमच्याकडे महिन्याला एक तरी केस येते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

जितेंद्रनं मनाला लावून घेतलं. स्कूटर चालवताना त्याला बाबा आठवत होते. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेले, संध्याकाळी देवळात जाऊन येणारे, चहात साखर एक चमचा. पण दर उन्हाळ्यात आठ दिवस ते प्रशिक्षणाला म्हणून डहाणूला जात. प्रशिक्षण. इतकी वर्षं एका मास्तरला नेमकं काय शिकवत असतील? लीला डहाणूची असावी, असं आंबाडी रोडच्या सिग्नलपर्यंत त्यानं जवळजवळ ठरवून टाकलं. घराखाली गाडी लावेपर्यंत त्याला डहाणूत एक सावत्र भाऊही झाला होता.

विनिता शाळेतून आली तेव्हा त्यानं तिला गॅलरीत नेऊन दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. विनितानं ऐकून घेतलं.

"आईंना विचार," ती म्हणाली.

"कसं विचारू? ह्या वयात तिला धक्का बसेल."

"तुझ्याहून कमीच बसेल."

जेवताना त्यानं विषय काढला. आधी उन्हाबद्दल बोलला, मग केळ्यांबद्दल, मग आपल्या जुन्या नातेवाइकांबद्दल, आणि वाटीतल्या आमटीकडे पाहत म्हणाला, "आई, आपल्या नात्यात लीला नावाचं कुणी होतं का?"

"मीच की," जयवंतीबाई म्हणाल्या आणि भाकरी मोडली. "भात वाढू?"

मग जे कळलं ते असं. जयवंती केळव्याची. लग्न होऊन आगाशीला आली तेव्हा रीतीप्रमाणे नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, लीला. तिला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई हाक मारू लागल्या, "लीला, ए लीला," आणि सून हातातलं काम करत राही. वळून पाहायची नाही, ओ द्यायची नाही. चार दिवसांनी सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं, मुलगी ऐकायला कमी आहे, फसवलंय आपल्याला. गावातल्या वैद्यांना बोलावलं. त्यांनी पाठीमागून हळूच "जयवंती" म्हटलं तशी ती वळली आणि "काय" म्हणाली. त्या दिवशी सासरे म्हणाले, ज्या नावाला ओ देते त्या नावानं हाक मारा, मला दुपारची झोप मिळू दे. लीला आठच दिवसांत संपली.

"मुद्दाम करत होतीस?" विनितानं विचारलं. तिला फार आनंद झाला होता.

"मुद्दाम काय. माझं नाव नव्हतं ते. कुणाला तरी बोलावत असतील असं वाटायचं."

"पण बाबांनी सेवापुस्तकात लीला लिहिलं," जितेंद्र म्हणाला.

"त्याच आठवड्यात त्यांची नोकरी कायम झाली होती. तेव्हा लिहिलं असेल." जयवंतीबाईंनी थोडा विचार केला. "मला बोलले नाहीत कधी. बोलले असते तर मी जाऊन बदलून घेतलं असतं. म्हणूनच बोलले नसतील." आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडं नवल होतं. बावन्न वर्षं एका घरात राहून नवऱ्यानं सरकारच्या कपाटात एक लीला जपून ठेवली होती, हे त्यांना त्या जेवणातच कळलं होतं.

बुधवारी सकाळी छत पुन्हा गळू लागलं. शत्रुघ्न आला, दुसऱ्या भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "ह्याच्यात आहे." नेमकी त्याच वेळी क्षितिजामॅडमची व्हिडिओवरची मीटिंग सुरू झाली. जितेंद्र पडद्यावर बोलत होता आणि मागं हातोडा बोलत होता. क्षितिजानं दोनदा "सर, तुम्ही म्यूटवर जाल का" असं विचारलं. तो म्यूटवर गेला आणि तसाच राहिला, त्यामुळे कामाचा ताण किती आहे यावर त्यानं केलेलं सात मिनिटांचं भाषण कुणीच ऐकलं नाही. शेवटी क्षितिजा म्हणाली, "जितेंद्र सर काही बोलत नाहीयेत, म्हणजे त्यांचं ऑन ट्रॅक आहे. त्यांना अजून पंधरा देऊ या."

दुपारी वरच्या मजल्यावरचे ऑस्कर खाली आले. आखातात वीस वर्षं नोकरी करून परतलेले, एकटेच राहणारे, इस्त्रीचा शर्ट घरातही घालणारे गृहस्थ. जितेंद्रनं सोसायटीमार्फत त्यांना पत्र पाठवलं होतं, कारण समोरासमोर बोललेलं नोंदलं जात नाही असं त्याचं मत होतं. ऑस्करनी उत्तरही लेखी आणलं होतं. 'माझ्या बाथरूममध्ये गळती नाही. सोसायटी पाणी एक दिवसाआड सोडते. जे माझ्याकडे येत नाही ते तुमच्याकडे जाईल कसे?' खाली सही, तारीख. जितेंद्रला पत्राची मांडणी आवडली. त्यानं पोच दिली आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं. आता दोन भिंती उघड्या होत्या, पत्रं तीन झाली होती, आणि विनिता आंघोळीला छत्री आणि मैत्रिणीच्या घरची किल्ली अशा दोन्ही तयारीनं जात होती.

चार वाजता तो आईला घेऊन बेलामॅडमकडे गेला.

"ह्याच लीला," तो म्हणाला.

बेलामॅडमनी जयवंतीबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळी हकीगत ऐकून घेतली. वैद्यांच्या प्रसंगाला त्या हसल्यासुद्धा. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

"छान आहे, आजी. पण ही गोष्ट झाली. कागद नाही झाला."

"पण तुम्ही म्हणालात लीलाबाईंना घेऊन या," जितेंद्र म्हणाला.

"म्हणाले. तुम्ही जयवंतीबाईंना घेऊन आलाय. ओळखपत्र काय सांगतंय? जयवंती."

"मग लीलाचं ओळखपत्र कुठून आणू? लीला आठ दिवसच होती."

"तेच तर," बेलामॅडम सहानुभूतीनं म्हणाल्या आणि यादी लिहू लागल्या. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. लग्नाला हजर असलेल्या माणसाचा जबाब, तो माणूस जिवंत आणि शुद्धीत हवा. आणि लीलाबाईंचं ना-हरकत पत्र, की जयवंतीबाईंना निवृत्तिवेतन मिळाल्यास त्यांची काही तक्रार नाही.

जितेंद्रनं यादी दोनदा वाचली. त्याला राग यायला हवा होता आणि येतही होता, पण त्या रागाखाली कुठेतरी त्याला ती यादी बरोबर वाटत होती. अशी यादी त्यानं स्वतः केली असती. खरं तर त्यानं लग्नाचा फोटोही मागितला असता. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं यादीची घडी घालून खिशात ठेवली. जयवंतीबाई मात्र उठताना म्हणाल्या, "तक्रार नाहीये हो तिची. मी विचारलंय."

गुरुवारी सकाळी हरिभाऊ आले. आगाशीचेच, गुरुजींचे बालमित्र, वय ब्याऐंशी. लग्नाला हजर असलेला आणि अजून चालता-बोलता असा तेवढा एकच माणूस उरला होता. त्या दिवशी छत कोरडं होतं, त्यामुळे शत्रुघ्ननं फोनवर पुन्हा यश जाहीर केलं होतं.

नोटरीच्या टेबलाशी हरिभाऊ ताठ बसले. उन्हापायी वकिलांनी टेबलावर ताडपत्री बांधली होती आणि टायपिस्ट बाई बोटं तयार ठेवून बसली होती.

"तुम्ही लग्नाला हजर होतात?" वकिलांनी विचारलं.

"होतो. जेवायला उशीर झाला."

"मुलीचं नाव काय ठेवलं?"

"थांबा, सांगतो. आधी वरात निघाली बैलगाडीतून. दिनाच्या मामानं रस्त्यात गाडी थांबवली, कारण त्याला मान मिळाला नव्हता. तो का मिळाला नव्हता, तर आदल्या वर्षी कुंपणावरनं त्यांचं..."

"काका, फक्त नाव," जितेंद्र म्हणाला.

"नावाकडेच येतोय. तर कुंपणावरनं."

टायपिस्ट बाईनं कुंपण टाइप केलं होतं. वकिलांनी तिला ते खोडायला सांगितलं. हरिभाऊंना वाईट वाटलं. साक्ष द्यायची तर पूर्ण द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पाऊण तासानं ते ताटापाशी, तांदळापाशी आले आणि म्हणाले, "लीला लिहिलं. मी शेजारीच उभा होतो. मी त्याला म्हटलं, दिना, लीची वेलांटी पहिली काढलीस का दुसरी. तो म्हणाला दुसरी. मास्तरच तो." एवढं बोलून हरिभाऊंनी टोपी काढली, डोळे पुसले आणि परत घातली. "पण वहिनींना मी लीला म्हटलेलं नाही कधी. म्हणून बघा, त्या बघायच्यासुद्धा नाहीत."

"आत्ता बघेन," जयवंतीबाई म्हणाल्या. "पेन्शनीपुरतं."

उरलं ते ना-हरकत पत्र. ते खिडकीपुढेच लिहायचं होतं, कारण त्यावर लीलाबाईंची नमुना सही बेलामॅडमसमोर व्हायला हवी होती. नोटरीकडून तिघं तसेच पेन्शनच्या कार्यालयात गेले आणि जितेंद्रनं पत्र लिहायला घेतलं. 'मी, श्रीमती लीला, असे लिहून देते की श्रीमती जयवंती यांना...' आणि तिथं त्याचा पेन अडकला. आयुष्यभर त्यानं असल्याच सह्यांना लाल खूण केली होती.

"आई, हे खोटं होईल," तो हळूच म्हणाला. "एका माणसानं दोन नावांनी सह्या करायच्या म्हणजे."

"नाव माझंच ठेवलेलं आहे. हातही माझाच आहे. खोटं काय त्यात?"

"कायद्यानं..."

"जितू, पेन दे."

त्यांनी पेन घेतला. बँकेत गेली चाळीस वर्षं 'जयवंती' लिहिणारा तो हात क्षणभर कागदावर तसाच राहिला. मग मोठ्या, सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, लीला. दुसरी वेलांटी नीट ओढली. सही झाल्यावर कागद थोडा दूर धरून पाहिला. "अक्षर बरं आलं की," त्या म्हणाल्या.

बेलामॅडमनी ती सही फाइलीतल्या जुन्या सहीशी ताडून पाहायला पान उलटलं. जुनी सही नव्हतीच. कुणाशीच न जुळणारी सही चुकीचीही म्हणता येईना. त्यांनी शिक्का मारला. आणि मग, कार्यालयात ज्याची गरज नव्हती असं एक वाक्य त्या बोलल्या. "माझं नाव लग्नात बदललं, आजी. मी ओ दिली पहिल्याच हाकेला."

जयवंतीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्या हरिभाऊंबरोबर निघाल्या. जितेंद्र मागे पोच मागत राहिला.

शुक्रवार उजाडला तो तीन संकटं घेऊन. छत गळत होतं, शत्रुघ्न तिसरी भिंत फोडायला निघाला होता, आणि संध्याकाळपर्यंत एकशे नऊ फाइली संपवायच्या होत्या. जितेंद्र टेबलाशी बसून बटण दाबत होता. जयवंतीबाई शेजारी बसून वाल सोलत होत्या आणि पडद्याकडे पाहत होत्या.

"ह्या बाईला काय केलंस?"

"परत पाठवली. पॉलिसीवर शोभा आहे, दाखल्यावर शोभाताई."

"एकच आहेत त्या."

"तुला काय माहीत?"

"नवरा एक, गाव एक, पोरं तीच. ताई म्हणजे काय वेगळं माणूस असतं का?"

"आई, नियम असतो."

"असू दे की. पण तिला सांग तरी, कुठला कागद आणू. 'योग्य' म्हणजे कुठला? बेलाबाईंनी निदान यादी लिहून दिली." त्यांनी दोन वाल सोलले. "तू यादीसुद्धा देत नाहीस."

त्या फाइलीवर जितेंद्रनं बोट बटणाकडे नेलं आणि परत घेतलं. मग हातानं लिहिलं, की शोभाताईंनी अमुक नमुन्यात प्रतिज्ञापत्र द्यावं, ते तहसील कार्यालयाजवळ करून मिळतं, ग्रामसेवकाचा दाखला चालेल, दुसरं काही लागणार नाही. लिहायला चार मिनिटं लागली. पुढच्या फाइलीवर पाच. दुपारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की ह्या वेगानं एकशे नऊ फाइली दिवाळीपर्यंत चालतील.

एवढ्यात बाथरूममधून पहिला हातोडा ऐकू आला. जयवंतीबाई उठल्या.

"शत्रुघ्न, थांब रे. जितू, सोमवारी गळलं, मंगळवारी नाही. बुधवारी गळलं, काल नाही. आज परत. पाइप फुटला असता तर रोज गळला असता."

"मग?"

"पाणी कधी सोडतात इथं?"

"सोमवार, बुधवार, शुक्र..." जितेंद्र बोलता बोलता थांबला.

"वाडीत टाकी भरत लावून हरिभाऊ जेवायला गेले की असंच होतं. कुठंतरी भरतंय आणि वरून सांडतंय."

त्यांनी उरलेली केळ्यांची फणी घेतली आणि जिना चढून वर गेल्या. कुठलंही पत्र न देता. ऑस्करनी दार उघडलं, बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. केळव्याच्या आणि पापडीच्या बाजारातल्या माशांपैकी चांगले कुठले यावर थोडं बोलणं झालं. मग जयवंतीबाईंनी हात धुवायला बाथरूम विचारलं आणि ऑस्कर जरा घाईनं म्हणाले, "मावशी, किचनमध्ये धुवा ना."

"टाकी केवढी आहे?" जयवंतीबाईंनी विचारलं.

ऑस्कर खाली बसले. पाचशे लिटरची होती. बाथरूमच्या पोटमाळ्यावर, पडद्यामागं. सोसायटीची मनाई होती, पण एक दिवसाआड पाणी येतं आणि माणूस एकटा, रांगेत बादल्या भरायला कोण उभं राहणार. टाकीचं पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक मागच्या महिन्यापासून अडकत होता. टाकी भरली की सांडे, आणि सांडलेलं जायचं कुठं हे त्यांनी मनाला विचारलं नव्हतं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं ते अक्षरशः खरंच होतं. बाथरूममध्ये गळती नव्हती. पोटमाळ्यावर होती.

शत्रुघ्ननं वीस मिनिटांत बॉलकॉक बदलला. "मी बोललो होतो, पाण्याला रस्ता पाहिजे," तो जितेंद्रला म्हणाला. ऑस्करनी खाली येऊन उघड्या दोन भिंती बघितल्या आणि ते म्हणाले की टाइल्स ते आणून देतील. शनिवारी त्यांनी आणल्या. त्या रंगाच्या आता मिळत नव्हत्या, म्हणून निळ्या शिंपल्यांच्या आणल्या. विनितानं छत्री मिटून दाराबाहेर ठेवली, शिंपल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली की जुन्यांपेक्षा बऱ्या आहेत.

दोनशे सत्तावीस फाइलींपैकी जितेंद्रच्या एकाहत्तर उरल्या. क्षितिजामॅडमचा अभिप्राय सोमवारी आला. 'सर, शेरे खूपच सविस्तर होतायत. टेम्प्लेट वापरू या प्लीज.' हसरा चेहरा होताच. आणखी तीन आठवड्यांनी मात्र तिनंच फोन केला. ज्यांना सविस्तर शेरे गेले होते त्यांचे कागद एका फेरीत बरोबर होऊन आले होते, एकही फाइल तिसऱ्यांदा फिरली नव्हती, आणि वरच्यांना तो आकडा आवडला होता. ते सविस्तर शेऱ्यांचंच टेम्प्लेट करून सगळ्यांना द्याल का, असं ती विचारत होती. जितेंद्रनं ते केलं. नवं बटण आठव्या क्रमांकाला दिलं. सातवं त्यानं काढलं नाही. कधी कधी, फार कंटाळा आला की, अजून त्याचं बोट तिकडं जातं.

निवृत्तिवेतनाचा आदेश सात आठवड्यांनी आला. जितेंद्रनं तो टेबलावर पसरला आणि सवयीनं तपासायला घेतला. नाव, वेलांट्या, जन्मतारीख, खातं, गुरुजींच्या निधनाचा दिवस. मागची बाजू पाहिली. बेलामॅडमनी कुठेही काहीही चुकवलेलं नव्हतं. अर्धा तास शोधून त्याच्या हाती काही लागलं नाही आणि त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग त्यानं आगाशीला फोन लावला. जयवंतीबाई विड्याच्या पानांच्या मळ्यात होत्या, धाप लागलेल्या आवाजात बोलत होत्या.

"आदेश आला," तो म्हणाला. "श्रीमती जयवंती उर्फ लीला."

"उर्फ कशाला लिहिलंय?"

"राहू दे आता, आई. काही बदलायला जाऊ नकोस."

"नाही जात," त्या म्हणाल्या. पलीकडून पाट फोडल्यावर पाणी धावतं तसा आवाज येत होता. "रविवारी या दोघं. आणि येताना ऑस्करना विचार, येतायत का."